एकसलग वस्ती, विखुरलेले आकडे

मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढून ६,३२८ चौरस किलोमीटर झाली, तेव्हा अख्खा पालघर तालुका त्यात आला. पालघर शहर, बोईसर, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुऊर्जा केंद्र हे सारे आता महानगराचे भाग आहेत. जनगणनेच्या कोष्टकांत मात्र हे महानगर सापडत नाही. २०११ साली बृहन्मुंबई महापालिकेची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई धरून होणाऱ्या नागरी समूहाची १ कोटी ८४ लाख. बारा लाखांवर वस्तीचे वसई-विरारसुद्धा या समूहाबाहेर, स्वतंत्र शहर म्हणून मोजले गेले. मग वैतरणेपलीकडच्या पालघर-बोईसरची काय कथा!

नागरी समूहाचा निकष सलग वस्तीचा आहे. मध्ये खाडी, मिठागरे, भातखाचरे आली की समूह तुटतो. पण बोईसरमध्ये तर वस्तीही सलग आहे. रस्ता ओलांडला की सरावली, पलीकडे पास्थळ. रहिवाशाला फरक जाणवतो तो फक्त ग्रामपंचायतीच्या पाटीमुळे. तरी २०११च्या गणनेत बोईसरच्या नावावर जेमतेम ३६ हजार माणसे लागली, कारण शेजारच्या वस्त्या वेगळ्या मोजल्या गेल्या. नागरी समूहात किमान एक तरी नगर परिषद वा तत्सम कायदेशीर शहर असावे लागते आणि बोईसरला तेव्हा ग्रामपंचायतच होती. पाच हजारांची वस्ती, चौरस किलोमीटरला चारशेची घनता आणि पुरुष कामगारांत ७५ टक्के बिगरशेती, एवढ्या कसोट्यांवर जनगणना गावाला शहर ठरवते. पण या शिक्क्याने ना नगर परिषद मिळते, ना गटारे. कारखान्यांच्या आधाराने चाळींत राहणाऱ्या हजारो कामगारांचा कचरा आणि सांडपाणी ग्रामपंचायतीच्याच माथी येते.

तारापूरला लागूनच असलेली चिंचणी डहाणू तालुक्यात मोडते, म्हणून ती महानगर प्रदेशाबाहेर. तालुक्याची हद्द महसुलासाठी आखलेली असते. माणसे नोकरीला कुठे जातात, हे तिला ठाऊक नसते.

अमेरिकेत नेमके तेच पाहतात. एखाद्या काउंटीतील किमान २५ टक्के नोकरदार मुख्य शहराच्या भागात कामाला जात असतील, तर ती काउंटी त्या महानगरात धरली जाते. आपल्याकडे २०११ साली कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले गेले, पण ठिकाण कोणते हे विचारले नाही. त्यामुळे डहाणू लोकलने अंधेरीला जाणारे किती आणि विरारहून उलट्या दिशेने बोईसरच्या कारखान्यांत येणारे किती, हे त्या आकड्यांतून कळत नाही. आणि हे कळल्याशिवाय गाड्या, रुग्णालये, पाणी यांचे नियोजन अंदाजानेच होणार.

राज्यघटनेच्या २४३-पी कलमानुसार दहा लाखांवरील महानगर क्षेत्र राज्यपाल अधिसूचनेने ठरवतात. नगरपालिकांबरोबर पंचायतीही त्यात घेता येतात. म्हणजे ग्रामपंचायत असणे हा महानगरात मोजले जाण्यातला अडसर नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेत कामाच्या गावाचे नाव विचारावे आणि पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी यांचे एकत्रित कोष्टक प्रसिद्ध करावे. राज्य सरकारने आणि जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी ही मागणी जनगणना आयुक्तांकडे लेखी नोंदवावी.