ग्रॅच्युइटी ही खैरात नव्हे, हक्क आहे!

झाडू तोच, रस्ता तोच, कामगारही तोच. बदलतो तो फक्त कंत्राटदार. आणि प्रत्येक नवा कंत्राटदार कागदोपत्री सेवेचे वर्ष पुन्हा एकपासून मोजतो. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा मागितली. आमच्या सफाई कामगारांची ती पाच वर्षे कागदावर कधी भरलीच नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. कायम कामगारासाठी पाच वर्षांची अट तशीच आहे. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर मात्र एका वर्षानंतर हक्क मिळतो. पण त्यासाठी लेखी करार हवा. ज्याला पगाराची पावतीही मिळत नाही, त्याला करार कोण देणार? कामगाराचा मृत्यू झाल्यास पाच वर्षांची अट नसते, हे गटारात माणूस गमावलेल्या घरांना कोणी सांगितले?

हिशेब सोपा आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये असतील, तर २६ ने भागून १५ दिवसांचे १२,००० होतात. दहा वर्षांचे १,२०,०००! ही रक्कम कोणाच्या खिशात जाते?

मुंबई महापालिकेचे सुमारे २७०० कंत्राटी सफाई कामगार २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून कायम ठरले, ते संघटनेच्या बळावर. म्हणून आम्ही वकील या नात्याने समाजबांधवांना सांगतो : ओळखपत्र, हजेरीची नोंद, भविष्य निर्वाह निधीचा उतारा जपून ठेवा. शिका आणि संघटित व्हा, म्हणजे संघर्ष कागदानिशी करता येईल.