विशारद लखनौची, शिक्के कुणाकुणाचे?

लखनौत १९२६ साली मॅरिस हे संगीताचं कॉलेज सुरू झालं, त्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं आणि बेळगाव जिल्ह्यातल्या कृ. गो. गिंड्यांसारखे शिष्य तिथेच घडले. त्यामुळे लखनौची विशारद किंवा निपुण ही पदवी मराठी घरांना परकी नाही. कॉलेजचं नाव मात्र बदलत गेलं: १९६६ मध्ये भातखंडे महाविद्यालय, २००० मध्ये अभिमत विद्यापीठ, २०२२ पासून भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. गाणाऱ्याला याचं काही वाटत नाही. परदेशातल्या टेबलामागच्या कारकुनाला वाटतं.

समजा, टोरांटोत गाण्याच्या शिकवण्या घेणाऱ्या एखाद्या बाईंना लखनौच्या जुन्या प्रमाणपत्राची अधिकृत ओळख पटवून द्यायची आहे. सुट्टीत दादरला आल्यावर त्या पहिल्यांदा नोटरीकडे जाणार. लाल शिक्का उमटला की काम झालं, ही आपल्याकडची ठाम समजूत. १९५२ च्या कायद्यानुसार नोटरी प्रत साक्षांकित करू शकतो, प्रतिज्ञापत्र करून घेऊ शकतो. पण शैक्षणिक कागदाच्या परदेशवारीत तेवढ्यानं भागत नाही. कागद ज्या राज्यातून दिला गेला त्या राज्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आधी लागते, मग परराष्ट्र मंत्रालयाची. म्हणजे बाई मूळच्या दादरच्या असल्या तरी त्यांचा कागद उत्तर प्रदेश सरकारकडे जाणार. तो जपून लॅमिनेट केला असेल तर आणखी पंचाईत, कारण मंत्रालयाचं स्टिकर मूळ कागदालाच चिकटवायचं असतं.

या स्टिकरचं नाव अपॉस्टिल. १९६१ च्या हेग करारातून ते आलं. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे, कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून. संयुक्त अरब अमिरात त्यात नाही, म्हणून दुबईला जाणाऱ्याला दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो. जर्मनीनं भारताच्या प्रवेशावर हरकत घेतली आहे, तेव्हा म्युनिकच्या मंडळींना अपॉस्टिलचा उपयोग नाही. मंत्रालयाचं अपॉस्टिल शुल्क एका कागदाला ५० रुपये. एजंट सांगतात त्या रकमेशी हा आकडा एकदा ताडून पाहावा!

एवढी यातायात कशासाठी? बनावट पदव्यांना आळा बसावा म्हणून, असं उत्तर मिळतं. बनावट पदव्या निघतात हे खरंच. पण अपॉस्टिल काय सांगतं? सही त्या अधिकाऱ्याची आहे, त्याला तो अधिकार आहे आणि मोहोर खरी आहे, एवढंच. विद्यार्थिनी परीक्षा पास झाली की नाही, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. ते फक्त संस्थेच्या नोंदवहीला ठाऊक असतं. नोंदवही कुणी उघडली नाही, तर शिक्क्यांवर शिक्के चढवून खोटा कागद खरा होत नाही आणि खऱ्या कागदाच्या मालकाला मात्र फुकट दंड बसतो.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१९ पासून मंत्रालयाचं हे काम दिल्लीबाहेरच्या शहरांतही होतं. त्यांत मुंबई आहे तसं लखनौही आहे. २०१७ मध्ये ई-सनद आली, तिच्यात कागद ऑनलाइन पडताळता येतो. पण नोंदी संगणकावर असतील तरच. पंचावन्न-साठ वर्षांपूर्वी हातानं लिहिलेल्या निकालाला ई-सनद काय करणार? गाठ तिथेच आहे, आणि ती सोडवायला नवा कायदा लागत नाही. संस्थेनं जुनी नोंदवही संगणकावर आणावी, नामांतरांचा एक सलग दाखला जोडावा आणि मंत्रालयानं संस्थेचा थेट दुजोरा ग्राह्य धरावा. राज्याच्या सहीची मधली पायरी मग राहायचं कारण नाही.

ही मागणी एकट्यादुकट्यानं केली तर फायलीत जाईल. आपल्या मंडळानं केली तर निदान उत्तर येईल. ज्या सभासदांकडे लखनौची जुनी प्रमाणपत्रं आहेत त्यांनी परीक्षेचं वर्ष, केंद्र आणि प्रमाणपत्रावरचं संस्थेचं नाव मंडळाच्या कार्यवाहांकडे कळवावं. यादी तयार झाली की विद्यापीठाला आणि परराष्ट्र मंत्रालयाला एकत्र पत्र पाठवता येईल.