फॉरमॅट कशासाठी?

आमच्या तालुक्याच्या गावी संगणकाच्या कोणत्याही दुखण्यावर एकच औषध मिळते : फॉरमॅट. डिस्कवरचे सारे पुसायचे आणि नव्याने मांडायचे. ‘जागा पुरत नाही’ एवढीच तक्रार असली तरी तेच! माझे स्पष्ट मत असे की, जागेच्या तक्रारीवर हा उपाय बहुधा अनावश्यक असतो आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यानेही तो मुकाट्याने मान्य करू नये.

मराठीच्या विद्यार्थ्याला या उठाठेवी कशाला, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरी आलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स घराण्यातले उबुंटू, असे दोघे नांदतात. ५०० जीबीपैकी उबुंटूच्या वाट्याला अवघे ३० जीबी. त्यातच मी केलेली आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे. आजीचा आवाज आता थरथरतो. त्या ओव्या पुन्हा तशा मिळायच्या नाहीत. उबुंटूची जागा भरली तेव्हा दुकानात सल्ला मिळाला, “फॉरमॅट मारू.” विंडोजकडे मात्र निम्म्याहून अधिक रान पडीक होते!

शेतकऱ्याच्या पोराला पार्टिशन समजायला वेळ लागत नाही. कोणती वाटणी कुठून कुठवर, याचा एक तक्ता डिस्कवर असतो. तो सातबाराच म्हणा ना. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य वाटण्या चारच पडत; जीपीटी पद्धतीत सहसा १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपलेली असते. (हे शहाणपण आमच्या भाऊबंदांना सुचते तर!) प्रत्यक्ष वहिवाट असते ती फाइल सिस्टिमची. म्हणून वाटणी लहान करताना आधी फाइल सिस्टिम आत आवरायची, मग बांध सरकवायचा. उलट केले तर उभे पीक शेजाऱ्याच्या रानात जाते. वाढवताना आधी बांध, मग वहिवाट.

जीपार्टेड हे २००४ पासूनचे मुक्त साधन हा क्रम स्वतःच सांभाळते. त्याला पैसे पडत नाहीत. मात्र वापरात असलेली वाटणी लहान करता येत नाही, म्हणून पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करावे लागते. विंडोज पूर्णपणे बंद केलेले हवे. त्याचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते बंद झाल्यासारखे दिसते, पण अर्धवट झोपलेले असते. मोकळी जागाही लगतच हवी. ती वाटणीच्या शेवटाला असेल तर काम क्षणाचे. आधीच्या बाजूला असेल, जशी माझ्याकडे होती, तर सगळा माल उचलून मागे मांडावा लागतो. त्याला माझ्या लॅपटॉपवर तासाहून अधिक वेळ लागला. अशा वेळी मधेच वीज गेली तर माल गेलाच समजा. मी बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावून बसलो आणि त्याआधी ओव्या मित्राच्या डिस्कवर उतरवून ठेवल्या. ओव्या शाबूत आहेत.

यात धोका आहे, हे मी नाकारत नाही. डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर बांध हलवण्याच्या फंदात पडूच नये, आधी माल बाहेर काढावा. पण फॉरमॅटमध्ये तर नुकसान ठरलेलेच असते. त्याला आपण दुरुस्ती म्हणतो, एवढेच. लिनक्सचा आरंभ १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लायनस टोरवाल्ड्सने केला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आपण निदान त्याचा बांध सरकवायला तरी का भ्यावे?

प्राध्यापक मंडळींकडे एक मागणी आहे. संगणक कक्षातली एखादी जुनी, रिकामी डिस्क आम्हांला द्यावी. तिच्यावर वाटण्या पाडू, मोडू, पुन्हा पाडू; आणि काय केले ते मराठीत लिहून कक्षाच्या भिंतीवर लावू. सोमवारी दुपारी कक्ष रिकामाच असतो.