विश्लेषण : प्रतिपिंडाने ‘दाखवलेला’ विषाणू खरेच तिथे असतो का?

मेंदूच्या कर्करोगाच्या गाठीत हर्पिस कुळातील एक विषाणू सापडल्याचा दावा २००२ मध्ये अमेरिकेत झाला. त्यावरचा वाद दोन दशकांनंतरही पुरता मिटलेला नाही. या वादाच्या मुळाशी आहे प्रयोगशाळेतील रोजच्या वापरातले एक साधन, म्हणजे प्रतिपिंड.

हा विषाणू कोणता?

सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजेच सीएमव्ही. कांजिण्या आणि नागीण ज्या कुळातील विषाणूमुळे होतात, त्याच कुळातला. भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो असतो. लाळ, लघवी, आईचे दूध यांतून तो अनेकदा बालपणीच शिरतो आणि जन्मभर सुप्तावस्थेत राहतो. निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही. मात्र अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना तो घातक ठरू शकतो. गर्भाला संसर्ग झाल्यास बाळाला बहिरेपणा येऊ शकतो.

प्रतिपिंडाने तो कसा शोधतात?

ऊतीचा पातळ काप काचपट्टीवर घेतात. विषाणूच्या एखाद्या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडतात. ते जिथे चिकटते तिथे रासायनिक प्रक्रियेने रंग उमटतो, बहुधा तपकिरी. सीएमव्हीसाठी आयई१ आणि पीपी६५ ही प्रथिने प्रामुख्याने शोधली जातात. एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची पद्धत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मांडली. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले.

मग फसगत कुठे होते?

रंग उमटला याचा अर्थ प्रतिपिंड कशाला तरी चिकटले, एवढाच. ते मिळत्याजुळत्या मानवी प्रथिनालाही चिकटू शकते किंवा मृत पेशींत अडकू शकते. शिवाय काही प्रतिकारपेशींवर कोणत्याही प्रतिपिंडाचे शेपूट पकडणारे रिसेप्टर असतात. मेंदूच्या गाठीत अशा पेशी भरपूर असतात. तेव्हा रंग दिसतो, पण विषाणू असतोच असे नाही.

गाठीच्या वादात काय झाले?

चार्ल्स कॉब्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ग्लायोमा गाठींत सीएमव्हीची प्रथिने आढळल्याचे प्रसिद्ध केले. काही प्रयोगशाळांना तसेच निष्कर्ष मिळाले, तर काहींना काहीच सापडले नाही. पुढे गाठींतील जनुकीय क्रम तपासणाऱ्या अनेक अभ्यासांतही विषाणूचा ठोस माग लागला नाही. दरम्यान, विषाणूविरोधी औषध रुग्णांना देऊन पाहिले गेले. स्वीडनमधील ४२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. त्यात गाठीच्या आकारमानात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक दिसला नाही. जगण्याची आशा लावून बसलेल्या रुग्णांचा प्रश्न असा काचपट्टीवरच्या रंगाशी जोडला गेला.

हा दोष एकाच विषाणूपुरता आहे का?

नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या ‘वायकॅरोस’ प्रकल्पाने ६५ मानवी प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे तपासली. लक्ष्य प्रथिन न ओळखणाऱ्या प्रतिपिंडांवर आधारलेले, प्रत्येक प्रथिनामागे सरासरी १२ शोधनिबंध त्यांना आढळले. वाया गेलेला हा पैसा बहुतांशी करदात्यांचाच असतो.

उपाय काय?

उपाय अवघड नाहीत, फक्त कंटाळवाणे आहेत. तेच प्रतिपिंड विषाणूबाधित आणि विषाणूमुक्त अशा दोन्ही पेशींवर तपासून पाहावे. लक्ष्य नसलेले, पण त्याच जातीचे दुसरे प्रतिपिंड शेजारच्या कापावर वापरावे. तिथेही रंग उमटला तर निष्कर्ष रद्द समजावा. विषाणूच्या डीएनएचा स्वतंत्र पुरावा मागावा. प्रतिपिंडाचा क्लोन आणि बॅच क्रमांक शोधनिबंधात छापावा. नियतकालिके आणि निधी देणाऱ्या संस्थांनी, आपल्याकडे आयसीएमआर व जैवतंत्रज्ञान विभागानेही, या बाबी ऐच्छिक न ठेवता सक्तीच्या कराव्यात.

अशा अनेक बाटल्यांवर ‘केवळ संशोधनासाठी, निदानासाठी नाही’ असे छापलेले असते. ती सूचना गांभीर्याने घ्यायला हवी. पडताळणी न झालेल्या प्रतिपिंडाच्या भरवशावर रुग्णाला विषाणू आहे किंवा नाही, असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.