शिडाचे जहाज आणि उजनीचे पाणी

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोमजवळील ओस्तिया बंदरात 'बेल एस्प्वार' या शिडाच्या जहाजाला भेट दिली. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतील, निरनिराळ्या धर्मांचे सुमारे २०० तरुण-तरुणी त्या वर्षी मार्चपासून गटागटाने या जहाजावर एकत्र राहिले होते. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात ही बातमी दूरची वाटेल. तथापि तिच्यामागील विचाराचा आपल्या दारातल्या पाण्याशी निकटचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

'बेल एस्प्वार' म्हणजे 'सुंदर आशा'. येशूसंघीय धर्मगुरू फादर मिशेल झाऊएन (१९२०-२०१६) हे पॅरिसजवळील फ्रेन येथील तुरुंगात तरुण कैद्यांची आध्यात्मिक सेवा करीत. १९६८ साली त्यांनी या नावाचे जुने जहाज मिळविले आणि पुढे व्यसनात सापडलेल्या तरुणांना घेऊन ते अटलांटिक महासागर पार करू लागले. अशा जहाजावर कोणीही निव्वळ प्रवासी नसतो. दोर ओढणे, सुकाणू धरणे, रात्रीचा पहारा, स्वयंपाक ही कामे पाळीपाळीने सर्वांच्याच वाट्याला येतात. ज्याला आजवर 'तू कशाच्याही उपयोगाचा नाहीस' एवढेच ऐकावे लागले, त्याच्या हाती इतरांचा जीव सोपविला जातो. या उपक्रमाचे मर्म त्या विश्वासात आहे. शिवाय फादर झाऊएन यांच्या संस्थेने सफरींना होड्या बांधण्या-दुरुस्त करण्याच्या कार्यशाळेची जोड दिली. किनाऱ्यावर उतरल्यावर हाताला काम हवे, हे तिने ओळखले होते.

आता आपल्याकडे पाहू. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचा जलाशय इंदापूर तालुक्याच्या सीमेवर पसरला आहे. त्याखाली जुनी गावे गेली. त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला. दर हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे येथील साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. त्यांची मुले शाळेपासून तुटतात. ज्या पाण्यावर येथील ऊस वाढतो, त्या पाण्याशी त्यांचे नाते काठावरून पाहण्यापुरतेच राहते.

हे पाणी निर्धोक मात्र नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन चिमुकली बालके होती. ज्या प्रदेशात पाणी ओलांडणे ही नित्याची गरज आहे, तेथे पोहणे, वारा ओळखणे आणि जीवरक्षक जाकीट घालणे हे शिक्षणाचेच अंग मानले पाहिजे.

समुद्र दूर आहे, ही सबब पुरेशी नाही. हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर २००९ साली स्थापन झालेल्या यॉट क्लबने गरीब वस्त्यांतील मुलामुलींना शिडाची होडी शिकविली आणि त्यांतून राष्ट्रीय स्पर्धांतील विजेते घडले. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ यांचा खेळ वल्ह्यांचा, शिडाचा नव्हे. परंतु पुण्यात सैन्यात दाखल झाल्यावर हाती वल्हे धरलेल्या या तरुणाने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावे स्थान मिळविले. संधी मिळाल्यास कोरडवाहू गावाचा मुलगाही पाण्यावर प्रभुत्व मिळवू शकतो.

उजनीवर असा उपक्रम उभा करावयाचा तर काळवेळ पाहावी लागेल. उन्हाळ्यात पाणी आटते, चिखल उघडा पडतो आणि वळिवाचे वारे सुटतात. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो आणि ऊसतोड कामगारांची मुलेही त्याच सुमारास येथे येतात. भिगवण परिसरातील रोहित व अन्य पक्ष्यांच्या जागा टाळाव्या लागतील. प्रशिक्षित शिक्षक, शासकीय परवानगी आणि प्रत्येकाच्या अंगावर जाकीट यांत तडजोड नको. या पाण्याचा स्वभाव जाणणाऱ्या मच्छीमार बांधवांना मार्गदर्शकाचा मान मिळावा.

एका दिवसाची सहल घडवून छायाचित्रे काढणे सोपे आहे. परंतु होडीतून उतरलेला मुलगा पुन्हा उसाच्या फडातच जाणार असेल, तर आपण त्याला केवळ स्वप्न दाखवून माघारी धाडले, असे होईल. म्हणून शाळेतील प्रवेश, वसतिगृह आणि एखादे हस्तकौशल्य यांची सोय आधी करावी; मग शीड उभारावे. आपल्या धर्मग्रामांतील युवक संघटना, शाळा आणि सेवाभावी संस्था यांनी येत्या हंगामापूर्वी निदान पोहण्याच्या वर्गापासून प्रारंभ करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.