घराचा हप्ता आणि घरातील ताट

गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा यांपैकी कोणताही मुहूर्त जवळ आला की करवीर नगरीच्या चौकाचौकांत सदनिकांच्या जाहिरातींचे मोठमोठे फलक उभे राहतात. त्यांवर एक हसरे कुटुंब असते आणि त्याखाली ‘हप्ता अमुक हजारांपासून’ अशी ओळ असते. तो हप्ता भरून झाल्यावर त्या हसऱ्या कुटुंबाच्या ताटात काय उरते, याविषयी मात्र फलक मौन पाळतो. त्याने मौन पाळावे हे त्याच्या धर्मास धरूनच आहे. परंतु ज्यांनी पुढील वीस वर्षे तो हप्ता भरावयाचा, त्या कर्त्या माणसांनीही हा प्रश्न स्वतःस विचारू नये, ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते.

स्वतःच्या घराच्या इच्छेस आमचा विरोध आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. दर अकरा महिन्यांनी करार बदलण्याची टांगती तलवार ज्याने अनुभवली आहे, आणि जागा दाखवण्याआधी आडनाव व ‘तुम्ही मांसाहार करता काय’ हे विचारणारे घरमालक ज्यास भेटले आहेत (असे घरमालक शाहू छत्रपतींच्या या नगरीतही भेटावेत, ही लाजेची गोष्ट होय), त्यास चार भिंती आपल्या असाव्या असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आमचा प्रश्न एवढाच की, त्या भिंतींची किंमत घरातील कोणाच्या पोटातून आणि कोणाच्या आयुष्यातून वसूल केली जाते?

आकड्यांवरून बोलू. पंचवीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २१,६९६ रुपये बसतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील १७,७०८ रुपये नुसत्या व्याजात जातात व मुद्दल जेमतेम चार हजारांनी हलते. वीस वर्षांत एकंदर ५२ लाखांहून थोडी अधिक रक्कम बँकेत भरली जाते. आता घरात नवरा-बायको व दोन मुले अशी चार माणसे आणि हाती येणारी प्राप्ती ४५,००० रुपये आहे असे धरा. हप्ता गेल्यावर २३,३०४ रुपये उरतात. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीप्रमाणे देशातील शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये होता. चार माणसांचा २७,९८४ झाला. म्हणजे दरमहा ४,६८० रुपयांची तूट. या सरासरीत भाडेकऱ्यांच्या भाड्याचाही काही अंश आहे, हे खरे; तथापि तो वजा केल्यानेही तोंडमिळवणी होत नाही.

ही तूट कोठून भरून निघते? हप्ता ठरल्या तारखेस बँक आपण होऊन कापून घेते. शाळेची फी थकली तर पोरास चारचौघांत मान खाली घालावी लागते. विजेचे बिल न भरल्यास अंधार. घरातील सर्व खर्चांत निमूटपणे वाकणारा खर्च एकच, तो स्वयंपाकघराचा. त्याची नोटीस येत नाही, त्यास दंड नाही, व्याज नाही. वर सांगितलेल्या पाहणीप्रमाणे शहरी खर्चातील सुमारे ३९.७ टक्के भाग अन्नावर जातो. म्हणजे आमच्या या कुटुंबात सुमारे ११,१०० रुपये, माणशी दिवसाला साडेब्याण्णव. सगळी तूट ताटातूनच काढली तर माणशी साडेत्रेपन्न रुपये राहतात. मग दुधाचे माप अर्ध्यावर येते, आमटी पातळ होते, फळ केवळ आजाऱ्यासाठी आणले जाते आणि अंडी ‘महिनाअखेर नकोत’ या सदरात जातात. भात आणि चपाती यांनी पोट भरते, म्हणून उणीव कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यातील विपरीत प्रकार असा की, याच काळात पुड्यांतील व बाटल्यांतील खाणे घरात वाढत जाते. शहरी अन्नखर्चात सर्वांत मोठा वाटा पेये, तयार व प्रक्रिया केलेले खाद्य यांचा आहे, असे तीच पाहणी सांगते. दूध महाग म्हणून बंद करावयाचे आणि थकून आल्यावर पोरांच्या हाती दहा-दहा रुपयांच्या पुड्या द्यावयाच्या, ही काटकसर नव्हे. वास्तविक आमच्या जिल्ह्याइतकी सकस अन्नाची सोय फार थोड्या ठिकाणी असेल. १९६३ साली स्थापन झालेला जिल्ह्याचा सहकारी दूध संघ येथे आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध डोळ्यांसमोर काढून देण्याची चाल आहे. डोंगरी भागात नाचणी पिकते, जिच्या शंभर ग्रॅमांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे बावीस ग्रॅम आणि तितक्याच शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, आणि पासष्ट किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला चौपन्न ग्रॅम पुरेत, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. तेव्हा चांगले खाणे म्हणजे परदेशी फळे आणि डब्यांतील भुकट्या, ही समजूत सोडून दिली पाहिजे. पण डाळ, दूध आणि भाजी यांनाही पैसे पडतात, आणि ते आधी बाजूस काढले नाहीत तर मागाहून उरत नाहीत.

आता या विषयाच्या मर्मस्थानाकडे येऊ. ताट कमी होते असे आम्ही म्हटले. पण सर्वांचे ताट सारखे कमी होत नाही. कारखान्यात जाणाऱ्याचा डबा भरला जातो, कारण त्याच्यावर हप्ता अवलंबून आहे. मुलांना वाढले जाते, कारण ती मुले आहेत. शेवटी जेवावयास बसते ती घरची बाई, आणि उरले त्यात भागवण्यास ती संसार म्हणते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रातील स्त्रियांचा आकडा त्याआधीच्या पाहणीत ४८ टक्के होता, तो ५४.२ वर चढला. रक्तक्षयास आहाराखेरीज इतरही कारणे असतात, हे आम्ही जाणतो, आणि सर्व दोष घराच्या कर्जावर टाकण्याइतके आम्ही एकांगी नाही. परंतु ज्या घरात पुरुष आणि स्त्री एकाच चुलीवरचे खातात, तेथे एवढी तफावत दिसते तेव्हा वाढण्याच्या क्रमाकडे बोट दाखवणे भाग आहे.

जी गोष्ट अन्नाची तीच हेतूंची. यंत्रशाळेतील तरुणास पदविका घ्यावयाची असते, मुलीस लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसावयाचे असते, आणि लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या गृहिणीस मुक्त विद्यापीठाची पदवी पुरी करावीशी वाटते. ‘कर्ज फिटल्यावर पाहू’ असे उत्तर मिळते. कर्ज वीस वर्षांचे आहे. तिशीतील बाई तोपर्यंत पन्नाशीस पोहोचते. पुरुषाचा हेतू पुढे ढकलला तर त्यास त्याग म्हणतात. स्त्रीचा ढकलला तर त्यास नावही मिळत नाही. बरे, ज्या घरासाठी तिने ताटातले आणि आयुष्यातले सोडले, ते घर तरी तिच्या नावे असते काय? केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. प्रधानमंत्री आवास योजनेने अल्प उत्पन्नाच्या गटांत स्त्रीचे नाव मालक वा सहमालक म्हणून आवश्यक ठरवले. जेथे सरकारने वाट करून दिली, तेथेही ‘नाव कोणाचे का असेना, घर सर्वांचेच’ असे म्हणून कागदावर एकाचेच नाव घालणारे सुशिक्षित गृहस्थ आढळतात. घर सर्वांचे असेल तर कागदाने तसे म्हणण्यास हरकत काय, हे त्यांनी आम्हांस समजावून द्यावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. जागेचे भाव थांबत नाहीत. आज जो थांबला तो उद्या कायमचा मागे पडला. दोन वर्षे पोटास चिमटा घेतला तर जन्माचे कल्याण होते. आमचे उत्तर असे की, प्रश्न दोन वर्षांचा नाही, वीस वर्षांचा आहे. शिवाय थांबणे हा एकच पर्याय नव्हे. वरच्याच कुटुंबाने पंचवीसऐवजी वीस लाखांचे कर्ज घेतले तर हप्ता १७,३५६ वर येतो आणि ४,६८० ची तूट अवघ्या ३४० रुपयांवर येते. पाच लाखांनी लहान घर म्हणजे एखादी खोली कमी, किंवा गावापासून दोन-तीन किलोमीटर दूर. पुढे वेतनवाढ झाली, दिवाळीस बोनस आला, तर त्यातून मुद्दल आधी फेडावे. आरंभीच्या वर्षांत त्याचा लाभ सर्वांत अधिक होतो. मात्र स्वस्ताईच्या मोहाने पंचगंगेच्या पूररेषेत शिरू नये. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांत येथील सखल भागातील लोकांनी काय भोगले, ते आठवून मग सौदा करावा.

घर मोठे की माणूस, हा वाद या गावास नवा नाही. १९५२ साली राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्यापुढे तो येऊन उभा राहिला होता. त्यांचा विद्यार्थी खाशाबा जाधव हा कराडजवळील गोळेश्वरचा. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला होता. तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. हेलसिंकीस जाण्याचा प्रश्न आला तेव्हा संस्थान विलीन झाले होते आणि पैसा कोठून आणावा याची पंचाईत पडली. खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत आज सर्वश्रुत आहे. खाशाबांनी स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक पदक, कांस्य, मिळवून दिले. आणि परत आल्यावर कुस्त्या करून पैसे जमवले व ते ऋण फेडले. आता प्रत्येकाने आपले घर गहाण टाकावे असे आम्ही सुचवत नाही; तसे धैर्य लाखात एखाद्याचे. पण ज्या गावात एका मास्तराने दुसऱ्याच्या पोराच्या हेतूसाठी घर पणास लावले, त्या गावात आपल्याच पत्नीचा आणि लेकीचा हेतू घरासाठी पणास लागावा, हा उलटा न्याय झाला. पैलवानास खुराक लागतो हे येथील प्रत्येक तालमीस ठाऊक आहे. वस्ताद पोराच्या दुधा-तुपात कधी काटकसर करू देत नाही. मग जी बाई पहाटे पाचास उठते आणि रात्री अकरास निजते, तिचा खुराक कोणी मोजावयाचा?

या प्रश्नाचा सर्व भार एकेका कुटुंबावर टाकून मोकळे होणेही आम्हांस मान्य नाही. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे येथे उभी राहिली. त्या बोर्डिंगांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. खेड्यातील गरीब पोरास छप्पर, भाकरी आणि विद्या या तिहींपैकी एक निवड, असे त्यांनी सांगितले नाही. तिन्ही गोष्टी एका दाराआड दिल्या. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा घरखर्चातील एक निवड कमी झाली. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतशाळांत भट्टीपुढे उभे राहणाऱ्या कामगारास दुपारी सकस जेवण कारखान्यात मिळेल, तर घरच्या ताटावरचा भार तितकाच हलका होईल. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाचे बंधन घातले होते. लहान कारखान्यांपर्यंत ते कधी पोहोचलेच नाही. त्यांनी वसाहतीत एकत्र येऊन सामाईक भोजनगृह चालवावे. सहकार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांस हे जड जाऊ नये. महापालिकेनेही पेठापेठांतून अभ्यासिका आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहे काढावी. भाड्याची सुरक्षित जागा मिळाली तर घर घेण्याची घाईही ओसरेल.

येत्या मुहूर्तावर जे कोणी इसार देण्याच्या तयारीत असतील, त्यांस आमची एवढीच सूचना आहे की, बँकेत जाण्यापूर्वी गेल्या तीन महिन्यांची दूधवाल्याची, वाण्याची आणि भाजीची बिले एका जागी ठेवावी. घरातील प्रत्येकाने पुढील पाच वर्षांत काय करावयाचे योजले आहे, ते त्याच कागदावर लिहावे; पत्नीने आधी लिहावे आणि पतीने मागून. दोहोंचा खर्च प्राप्तीतून प्रथम वजा करावा, आणि उरलेल्या रकमेत किती हप्ता बसतो ते पाहून मग घराच्या खोल्या मोजावयास बसावे.