तिऱ्हाइताचे डोके

माझ्या स्कूटरला तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा. बरोबरच आहे, कुणाचा पाय मोडला तर? पण विसाव्या मजल्यावर काचा पुसणाऱ्याची बादली निसटली, तर खालच्या तिऱ्हाइताचे काय? काचा पुसण्याचा ठेका घेणाऱ्यावर अशी सक्ती नाही. १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे की, म्हणाल. आहे, पण तो भोपाळच्या १९८४च्या दुर्घटनेनंतर घातक रसायनांसाठी केलेला. साबणाचे पाणी त्यात बसत नाही! म्हणजे विषारी वायू सुटला तर कायदेशीर विमा, बादली पडली तर कोर्टाची पायरी. काचेचा विमा मात्र मालक आठवणीने उतरवतो. काच महाग ना! म्हणून म्हणतो, सोसायट्यांनो, हापिसांनो, ठेकेदाराकडे आधी विम्याचा कागद मागा, मगच बादली वर चढू द्या.